एस पार्कर: नाव झालं फुटबॉलमध्ये, आयुष्य घातलं बेसबॉलमध्ये

शेवंती

मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा आमच्या घरात बेसबॉल शिरला. आता तो शाळेच्या संघात कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) आहे आणि मी स्कोअरबुक लिहिते. तिसरा स्ट्राइक म्हणजे फलंदाज बाद; तो बॅट फिरवून गेला तर सरळ 'के', नुसता बघत राहून गेला तर उलटा 'के'. होमरन झाला की चौकटीतला हिरा पेन्सिलने पूर्ण काळा करायचा. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, डरहॅमच्या जवळ राहतो. वसंतात ड्यूक विद्यापीठाच्या संघाचे काही सामने गावातल्या बुल्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या मैदानावर असतात, तिथे दोघं जातो.

मागच्या खेपेला शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांच्याही मांडीवर स्कोअरबुक. बोलता बोलता म्हणाले, "या विद्यापीठाला ओमाहाला शेवटचं नेलं ते पार्करने, १९६१ साली." ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं ते शहर, जिथे १९५० पासून (कोविडचं २०२० सोडून) दरवर्षी कॉलेज बेसबॉलची अंतिम स्पर्धा होते. इथल्या पोरांना ओमाहा म्हणजे पंढरी. मी घरी येऊन पार्कर कोण ते शोधलं आणि गेले पंधरा दिवस त्याच माणसाचा विचार करते आहे, म्हणून हा धागा.

क्लॅरन्स पार्कर. टोपणनाव एस, म्हणजे पत्त्यातला एक्का. जन्म १७ मे १९१२, व्हर्जिनियातलं पोर्ट्समथ. ड्यूकमध्ये शिकताना फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळले. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा.) १९३६ मध्ये शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाविरुद्ध त्यांनी किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना पायाने मारलेला, चेंडू आपल्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकामागच्या पट्ट्यात) झेलला आणि तिथून १०५ यार्ड पळत जाऊन थेट टचडाउन केलं. मैदान शंभर यार्डांचं. त्याच्याही मागून निघालेला माणूस अकरा जणांमधून वाट काढत पलीकडे पोहोचला.

पण त्यांना जायचं होतं बेसबॉलमध्ये. १९३७ मध्ये ते फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स संघात गेले. संघाचे मालक आणि मॅनेजर कॉनी मॅक. ३० एप्रिल १९३७, बॉस्टनचं फेनवे पार्क, समोर वेस फेरेल गोलंदाजीला. पार्करना पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी फक्त फलंदाजीपुरतं उतरवलं. आयुष्यातली मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमधली, पहिलीच खेप, आणि होमरन.

त्याच वर्षी मॅक यांची परवानगी घेऊन ते शरदात व्यावसायिक फुटबॉलही खेळू लागले, ब्रुकलिन डॉजर्सकडून. आणि इथून गोष्ट वेगळीच वळते. बेसबॉलमध्ये दोन मोसमांत ९४ सामने, दोन होमरन, सरासरी .१७९. म्हणजे शंभर वेळा बॅट घेऊन उभे राहिले तर अठरा वेळासुद्धा धड नाही. १९३८ नंतर मेजर लीगचं दार बंद. फुटबॉलमध्ये मात्र १९४० साली ते संपूर्ण एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगचे, सर्वोत्तम खेळाडू ठरले.

युद्धात नौदल. परत येऊन १९४५ आणि ४६ असे दोन मोसम फुटबॉल. मग १९५३ ते १९६६ ड्यूकच्या बेसबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. संघ दोनदा ओमाहाला, १९५३ आणि १९६१. १९५६, ५७ आणि ६१ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद. १९७२ मध्ये ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. ६ नोव्हेंबर २०१३ ला पोर्ट्समथमध्येच गेले, १०१ वर्षांचे होऊन. हॉल ऑफ फेमच्या मानकऱ्यांमध्ये शंभरी गाठणारे ते पहिले.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे, की ज्या खेळाने मान दिला तो बाजूला ठेवून, ज्या खेळाने दार बंद केलं त्याच्याच मैदानात हा माणूस चौदा वर्षं पोरांना शिकवत उभा राहिला. तुम्हाला काय वाटतं? खेळाडू-प्रशिक्षक मंडळी इथे आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

माळरान

सुरेख धागा, शेवंतीताई. एक बाळबोध प्रश्न. ब्रुकलिन डॉजर्स हा तर बेसबॉलचा संघ ना? जॅकी रॉबिन्सन ज्यातून खेळला तो?

शेवंती

बाळबोध अजिबात नाही, मीही तिथेच अडखळले होते. त्या काळी फुटबॉलचे धंदे डळमळीत होते, म्हणून गावातल्या लोकप्रिय बेसबॉल संघाचंच नाव घेऊन टाकायचे. ब्रुकलिन डॉजर्स नावाचा फुटबॉल संघ १९३० ते ४३ एनएफएलमध्ये होता आणि बेसबॉलवाल्या डॉजर्सच्याच एबेट्स फील्डवर खेळायचा. १९४६ मध्ये पार्कर न्यूयॉर्क यांकीजकडून खेळले, तेही फुटबॉलवाले यांकीज. म्हणजे डॉजर्स आणि यांकीज ही बेसबॉलमधली दोन सर्वांत मोठी नावं त्यांच्या अंगावर चढली, पण दोन्ही वेळा फुटबॉलच्या जर्सीवर.

पहिली_विकेट

माहिती छान. पण एक विचारतो, राग मानू नका. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हिशोब किती? जिंकले किती, हरले किती?

शेवंती

राग कसला. १६६ विजय, १६२ पराभव, ४ बरोबरीत.

पहिली_विकेट

मग मला पटत नाही. चौदा वर्षांत जवळपास निम्मे सामने हरलेला प्रशिक्षक थोर कसा? खेळाडू म्हणून थोर, मान्य. पण आपल्याकडेही हेच होतं. मोठा खेळाडू निवृत्त झाला की त्याला प्रशिक्षक करून टाकायचं, आणि ज्यांनी आयुष्यभर शिकवण्याचाच अभ्यास केला ते मागे राहतात. खेळता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मैदानी_मास्तर

मी पश्चिम विदर्भात एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा संचालक होतो, आता निवृत्त. तीस वर्षं सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे संघ काढले. पहिली_विकेट, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण पार्कर यांना तो लागू होतो का, ते तपासून बघा.

ते काही नाव मोठं म्हणून आणून बसवलेले नव्हते. शेवंतीताईंनी एक गोष्ट लिहिली नाही, ती लिहितो. १९४९ ते ५२ ते डरहॅम बुल्सचे मॅनेजर होते. बुल्स तेव्हा कॅरोलिना लीगमधला, म्हणजे मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा संघ. तिथे येणारी पोरं विशीतली, बहुतेकांना मेजर लीग कधीच दिसत नाही. शिवाय फुटबॉल सोडल्यावर ते ड्यूकच्या फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षकही झाले. म्हणजे मुख्य प्रशिक्षक होण्याआधी त्यांची पुरेशी उमेदवारी झालेली होती.

आणि वर्षाचं वेळापत्रक डोळ्यासमोर आणा. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फुटबॉलच्या बॅकफिल्डची, म्हणजे मागे उभं राहून चेंडू घेऊन पळणारी, पोरं. फेब्रुवारीत थंडीत बेसबॉलचा सराव सुरू, मेपर्यंत सामने, संघ चांगला असेल तर जून. त्यात पुन्हा फुटबॉलचा वसंतातला सराव. दोन्ही संघ एकाच माणसाच्या डोक्यात. मी एका हंगामात कबड्डी आणि सॉफ्टबॉल असे दोनच संघ सांभाळले तर घरच्यांशी बोलायला वेळ मिळत नसे.

विजयांची टक्केवारी बघताना हेही बघा, की ड्यूक हे अभ्यासाला कडक असलेलं खासगी विद्यापीठ. हव्या त्या पोराला आणता येत नाही.

पहिली_विकेट

सर, बुल्सचं माहीत नव्हतं. त्याने चित्र बरंच बदलतं. तरी १६२ पराभव मनातून जात नाहीत, खरं सांगतो.

शेवंती

जाऊ नयेत, ते झालेलेच आहेत. पण त्याच्या शेजारी हेही ठेवा. ड्यूक आजवर ओमाहाला पोहोचलं ते तीनदा, १९५२, ५३ आणि ६१. त्यातल्या दोन वेळा पार्कर. आणि पुढे? २०२५ मध्ये संघ अगदी दारापर्यंत गेला होता, सुपर रीजनलचे, म्हणजे ओमाहाआधीच्या शेवटच्या फेरीचे, सामने घरच्याच मैदानावर होते, आणि मरे स्टेटने हरवलं. आमच्या घरात त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. साठ-पासष्ट वर्षं लोटली, सोयी-पैसा कित्येक पटींनी वाढला, तरी ती पायरी पुन्हा चढता आलेली नाही.

जुनी_वही

१९५२ ला नेणारे कोण, तेही सांगायला हवं, कारण खरी परंपरा तिथे आहे. जॅक कूम्ब्स. १९२९ ते १९५२ ड्यूकचे प्रशिक्षक. हे कूम्ब्स स्वतः कॉनी मॅक यांच्याच अ‍ॅथलेटिक्सचे पिचर, म्हणजे गोलंदाज. १९०६ मध्ये बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात २४ डाव एकट्याने टाकले होते. एरवी सामना नऊ डावांचा असतो! १९१० च्या एका मोसमात ३१ विजय.

आता साखळी बघा. कूम्ब्स मॅक यांच्याकडे घडले. ड्यूकमध्ये विद्यार्थी पार्कर कूम्ब्स यांच्या हाताखाली बेसबॉल खेळले. पार्कर ड्यूकमधून निघाले ते थेट मॅक यांच्या संघात. आणि कूम्ब्स निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी पार्कर आले. गाण्यात घराणं म्हणतात ना, तसं हे. ड्यूकच्या आवारातल्या मैदानाला आजही जॅक कूम्ब्स फील्ड म्हणतात.

अवांतर: कूम्ब्स यांच्या शेवटच्या वर्षांतला एक विद्यार्थी डिक ग्रोट. तोही दोन खेळांचा, बास्केटबॉल आणि बेसबॉल. ड्यूकमधून निघून एनबीएमध्ये एक मोसम खेळला, मग पूर्ण बेसबॉलकडे वळला आणि १९६० मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माळरान

जुनी_वही, ही साखळी मस्तच. पण मला कळत नाही, इतका चपळ माणूस, एका खेळात देशात पहिला, त्याला दुसऱ्या खेळात चेंडू का मारता येऊ नये? ताकद, वेग, नजर सगळं तर होतं.

मैदानी_मास्तर

माझ्या अनुभवातून सांगतो.

फुटबॉलमध्ये ते टेलबॅक होते, सिंगल विंग पद्धतीत. आज क्वार्टरबॅक बहुधा फेकतो, पळणारे वेगळे, पाय मारणारा वेगळा. तेव्हा चेंडू मागे उभ्या टेलबॅककडे थेट यायचा आणि तो पळेल, फेकेल की पायाने लांब मारेल ते त्याचं त्याने ठरवायचं. त्यात खेळाडू बदलण्यावर बंधनं, म्हणून चेंडू समोरच्यांकडे गेला की हाच माणूस बचावाला. उंची पाच फूट दहा इंच, वजन पावणेदोनशे पौंडांच्या आसपास. ही कामं चपळाईची आणि तिथल्या तिथे निर्णय घेण्याची. माणूस तुमच्या अंगावर येतो, तुम्ही त्याचे खांदे बघता, पाय बघता, आणि चकवता.

बेसबॉलच्या फलंदाजीत चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यातला निम्मा वेळ संपायच्या आत ठरवायचं, मारायचं की सोडायचं. आणि कर्व्ह टाकणारा पिचर तुमच्याकडून ते चुकीचंच ठरवून घेतो. चेंडू खांद्याच्या रेषेत येतोसा वाटतो आणि गुडघ्याशी पडतो. हे शेकडो नव्हे, हजारो चेंडू रोज बघून अंगात मुरतं. वर्षातले चार महिने फुटबॉलला दिले की ते मुरणं तुटतं. मला तरी हेच कारण दिसतं.

माझ्या संघात एक पोरगा होता, गावातला सगळ्यात वेगवान धावपटू. बेसवर पोहोचला की त्याला कोणी बाद करू शकत नसे. पण बेसवर पोहोचायचाच नाही. दोन वर्षं मी त्याला रोज संध्याकाळी टेनिसचे चेंडू टाकायचो, प्रत्येकावर एक आकडा लिहिलेला. मारायचं नाही, फक्त आकडा ओरडून सांगायचा. तिसऱ्या वर्षी तो मारायला लागला.

शेवंती

मास्तर, हे आकड्याचं आजच मुलाला सांगते.

तुमच्या प्रतिसादावरून १९४० चा उन्हाळा आठवला. पार्कर तेव्हा मायनर लीगमध्ये बेसबॉल खेळत होते आणि खेळताना घोटा मोडला. शरदात फुटबॉल सुरू झाला तेव्हा पायाला ब्रेस लावून उतरले. आणि सर्वोत्तम खेळाडू ठरले ते याच मोसमात! ब्रुकलिनने अकरापैकी आठ सामने जिंकले. मुलगा विचारत होता, घोटा मोडलेला असताना टेलबॅक पळतो कसा? मला उत्तर देता आलं नाही.

खडूवाली

घोट्याबद्दल मी सांगू शकते, कारण माझाही गेलेला आहे. आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल खेळायचे. आमचं मैदान मुरमाड. स्लाइड करताना एक पाय दुमडून मांडीवर घसरायचं आणि दुसरा पाय बेसकडे किंचित वर उचललेला ठेवायचा. तो पाय जरा खाली राहिला की बुटाचे खिळे जमिनीत रुततात. शरीर पुढे जातं, पाऊल तिथेच राहतं. आवाज येतो. आधी दुखत नाही, आधी आवाजच येतो.

मांडीची सालं निघालेली असायची, घरी आईला दिसू नये म्हणून महिनाभर पूर्ण पायाचे सलवार-कमीज. घोटा मोडला तेव्हा मात्र लपवता आलं नाही. दीड महिना प्लास्टर आणि नंतर वर्षभर त्या पायावर वळायची भीती. पळता यायचं, पण वळता यायचं नाही. म्हणून पार्कर यांनी त्याच वर्षी, त्याच पायावर, अंगावर येणारी माणसं चकवली हे वाचून मी खरंच थोडा वेळ गप्प बसले.

विलायती_चिंच

दोन खेळांच्या माणसांचं आपल्याकडचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. चुनी गोस्वामी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार, आणि १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचे कर्णधार. तो सामना ब्रेबोर्नवर मुंबईने जिंकला.

आणि डेनिस कॉम्प्टन! इंग्लंडचा कसोटीपटू, आर्सेनलचा फुटबॉलपटू. युद्धकाळात हिंदुस्थानात होता, तेव्हा सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून १९४४-४५ चा रणजी अंतिम सामना मुंबईविरुद्ध खेळला आणि नाबाद २४९ काढल्या. माझे आजोबा तो सामना बघायला गेले होते. होळकर हरले, पण आजोबा सांगायचे ते कॉम्प्टनच्या पायांबद्दलच. म्हणायचे, क्रीजमधून असा पुढे सरकायचा की जणू पायात चेंडू आहे.

जुनी_वही

विलायती_चिंच, आजोबांची आठवण अनमोल.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर ७ डिसेंबर १९४१. रविवार. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. जायंट्सच्या टफी लीमन्सचा सत्कार होता म्हणून गर्दी मोठी. सामना चालू असताना ध्वनिक्षेपकावरून सरकारी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कर्नल विल्यम डोनोव्हन यांना बोलावणं आलं. लोकांना कारण कळेना. पर्ल हार्बरवर हल्ला झाला होता. खेळ मात्र शेवटपर्यंत चालला आणि ब्रुकलिन २१-७ ने जिंकलं. पार्कर त्या संघात होते. पुढच्या वर्षी ते नौदलात गेले.

त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांत, १ जानेवारी १९४२ ला, कॅलिफोर्नियात होणारा रोझ बाउल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना किनाऱ्यावर हल्ल्याच्या भीतीने हलवला तो थेट डरहॅमला, ड्यूकच्या मैदानावर. ओरेगॉन स्टेटने ड्यूकला २०-१६ हरवलं.

निळी_शाई

हे सगळं वाचताना एक गोष्ट टोचत होती, ती लिहिते. १९३४ ते १९४५ एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नाही, पण घेत नसत. मेजर लीग बेसबॉलमध्ये १९४७ पर्यंत तीच तऱ्हा. ड्यूकने पदवीच्या वर्गात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले ते १९६३ मध्ये. म्हणजे पार्कर यांची एनएफएलमधली सगळी कारकीर्द आणि प्रशिक्षकपदाचा बहुतेक काळ या भिंतीच्या आतला आहे. पार्कर यांचं कौतुक कमी करायला म्हणत नाहीये. पण त्या वर्षी 'देशातला सर्वोत्तम' म्हणताना देशातल्या कित्येक चांगल्या खेळाडूंना दारातच अडवलेलं होतं, हे सांगितलं नाही तर गोष्ट अपुरी राहते.

जॅकी रॉबिन्सनचंच घ्या, १९४७ मध्ये मेजर लीगमधली ती भिंत मोडणारा तोच. कॉलेजात फुटबॉलचा नामांकित धावपटू. १९४१ मध्ये होनोलुलूला जाऊन निमव्यावसायिक फुटबॉल खेळला, कारण एनएफएलचं दार बंद. १९४४-४५ च्या सुमारास टेक्सासमधल्या ऑस्टिनला सॅम ह्यूस्टन कॉलेजात बास्केटबॉलचा प्रशिक्षक झाला. तोही फुटबॉलपटूचा प्रशिक्षक झालेलाच, पण त्याच्यापुढे निवडायला पर्याय किती होते?

शेवंती

निळी_शाई, हे मी मुख्य धाग्यातच लिहायला हवं होतं. मनापासून आभार.

तुमचं वाचून १९४६ चा अंतिम सामना पुन्हा बघितला. पार्कर यांचा तो शेवटचा मोसम. एनएफएलला आव्हान देणारी नवी लीग निघाली होती, तिच्या अंतिम सामन्यात न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध क्लीव्हलंड ब्राउन्स. ब्राउन्सकडे मॅरियन मॉटली आणि बिल विलिस हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. ब्राउन्स १४-९ ने जिंकले. त्याच वर्षी एनएफएलमध्येही केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड आले. म्हणजे पार्कर मैदान सोडत होते त्याच मोसमात ते दार किलकिलं होत होतं. प्रशिक्षक पार्कर या बाबतीत काय म्हणत असत, हे मात्र मी कुठून तरी रचून लिहिणार नाही.

पहिली_विकेट

आता माझा प्रश्न बदलतो. त्यांना खरंच बेसबॉल जास्त आवडायचा म्हणून ते तिकडे गेले, की फुटबॉलमध्ये पैसा नव्हता म्हणून?

जुनी_वही

दोन्ही असणार. तीसच्या दशकात बेसबॉल हाच देशाचा खेळ, तिथेच नाव आणि स्थैर्य. फुटबॉलचे व्यावसायिक संघ दोन-चार वर्षांत उठायचे, ब्रुकलिनचा तो संघही टिकला नाहीच. १९३५ मध्ये शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हाइझमन या कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा पहिला विजेता ठरला आणि पुढच्या वर्षी एनएफएलच्या पहिल्या ड्राफ्टमधला (संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) पहिला खेळाडू. तो गेलाच नाही. बाहेर नोकरी केली. त्या काळात कॉलेजातून निघालेल्या पोराने बेसबॉल धरणं हा शहाणपणाचा मार्ग होता.

शेवंती

मला मात्र वाटतं ओढही खरीच होती. १९३८ नंतर मेजर लीगने सोडल्यावर त्यांना थांबता आलं असतं. फुटबॉलमध्ये मान मिळत होता. तरी उन्हाळ्यात मायनर लीगच्या बसमधून गावोगाव फिरत राहिले, घोटा मोडला, युद्ध झालं, आणि चाळिशीला टेकेपर्यंत बुल्सच्या डगआउटमध्ये बसले. पैशासाठी कोणी इतकं करत नाही. हे माझं मत, पुरावा नाही.

काल शनिवार होता, मुलाला घेऊन जुन्या मैदानावर गेले. बुल्स आता नव्या मैदानावर खेळतात. नव्याच्या लेफ्ट फील्डला ३२ फुटी निळी भिंत आहे, बॉस्टनच्या फेनवे पार्कातल्या भिंतीवरून बेतलेली. जिथे पार्कर यांचा पहिला होमरन गेला, त्या मैदानाची सावली डरहॅममध्ये उभी आहे म्हणा ना. पण पार्कर यांच्या वेळचे बुल्स खेळायचे ते जुन्या मैदानावर, थोडं उत्तरेला. लहानसं आहे. आम्ही गेलो तेव्हा कुठल्या तरी कॉलेजची पोरं सराव करत होती. प्रशिक्षक फंगो घेऊन उभे. मास्तरांना माहीत असेलच, फंगो म्हणजे सरावाची बारीक, हलकी, लांब बॅट, हिने फक्त पोरांना चेंडू मारून द्यायचे. एका हाताने चेंडू वर उडवायचा, त्याच हाताने बॅट धरायची आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डाव्या अंगाला बरोबर एक हात दूर मारायचा. पुन्हा तिथेच. पोरगं हुकलं की काही बोलले नाहीत, पुढचा चेंडू पुन्हा तिथेच. मी मोजले, सलग एकवीस. बाविसावा पोराने झेलला, तेव्हा त्यांनी पुढचा उजव्या अंगाला मारला.

मैदानी_मास्तर

फंगो आमच्याकडे कधी मिळाली नाही. आम्ही सॉफ्टबॉलच्या जुन्या बॅटनेच मारायचो, खांदा भरून यायचा. लांबी किती असते हो तिची?

शेवंती

साधारण पस्तीस ते सदतीस इंच, मास्तर. वजन मुलांच्या बॅटपेक्षा पुष्कळ कमी. सरावाच्या शेवटी मुलाने त्या प्रशिक्षकांकडे मागून हातात घेऊन पाहिली. लाकडीच होती. कॉलेजच्या सामन्यांत १९७४ पासून धातूच्या बॅट आल्या, सामन्यात 'टिंग' असाच आवाज येतो, पार्कर यांच्या पोरांकडे सगळ्या लाकडीच असणार. मे महिन्यात आम्ही भारतात येतोय, सामानात जागा करते. पत्ता विचारपूस कप्प्यात पाठवाल का?

मैदानी_मास्तर

पाठवतो. मी निवृत्त असलो तरी आमच्या महाविद्यालयाचा सराव सकाळी साडेसहाला असतो आणि मी जातो. शेवंतीताई, मुलालाही घेऊन या. आमच्या पोरांना कॅचरचा सराव घ्यायला कोणी मिळत नाही.